करंजबंदरची सुप्रसिद्ध खारी

आमच्या डोंबिवलीच्या घरात सकाळी सगळ्यात आधी उठायचा तो स्टोव्ह, मग आकाशवाणी, आणि त्यानंतर बाबांचा 'ळ'. बाबा दात घासतानासुद्धा शुद्ध बोलायचे. आम्हा भावंडांपैकी कोणी झोपेत "पानी दे गं" म्हणालं की मोरीतून आवाज यायचा, "पाणी. ण, ण. टाळूला जीभ लागू दे." आमची जीभ दिवसभर टाळूलाच असायची. शेजारच्या जोशीकाकू आईला म्हणायच्या, "तुमचे हे मूळचे पुण्याचे का हो?" आई नुसती हसायची. आईचं बालपण रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं, तिची भाषा चार प्रांतांची मिसळ. बाबा मात्र उरणकडच्या एका आगरी गावातले. पण ते गाव आमच्या घरात कधी यायचंच नाही. आजी-आजोबा लवकर गेले, जमिनी गेल्या, त्यांच्या मामाने बाबांना शाळेसाठी ठाण्यात आणलं, आणि गोष्ट तिथे संपायची. 'आगरी' हा शब्द मला माझ्या शाळेच्या दाखल्यावरून ठाऊक होता, जसा माणसाला स्वतःचा रक्तगट ठाऊक असतो. कधी लागला तर सांगायचा, एरवी त्याच्याशी बोलणं नाही. एवढं मात्र खरं, की महिन्यातून एखाद्या रविवारी बाबा सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, आणायचे, आई ते कांद्यावर परतायची, आणि आम्ही खिडक्या लावून, घाम पुसत, आवाज न करता जेवायचो. बाबा बोटं चाटायचे आणि लगेच शुद्ध व्हायचे.

अशा घरात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नापास झालो. केमिस्ट्रीने माझा नाद सोडला आणि मी तिचा. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. त्यांनी साहेबांशी बोलून मला तिथे चिकटवायचं ठरवलं. मी घाबरलो. मला मशीनचं वावडं होतं. सायकलची चेन बसवताना मी चेन सोडून सगळं बसवायचो. पण त्याच दिवसांत एक चमत्कार झाला. जोशीकाकूंच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका आणायला मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका छापखान्यात गेलेलो. मालक सबनीसकाका, जाड भिंगांचा चष्मा आणि कानावर पेन्सिल. मी तिथल्या तिथे पत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका काढल्या. बाबांच्या 'ळ'चं पहिलं आणि शेवटचं फळ! सबनीसकाका खूश. म्हणाले, "अरे, मी जिल्ह्याची एक गाइड काढतोय. कुठे काय बघायचं, कुठले लोक कसे राहतात, काय खातात. डोंगराचा भाग एका मास्तरांनी लिहिलाय. किनाऱ्याचा लिहिणारा पळाला. लिहितोस?"

लिहितोस! मी घरी उडत आलो. बाबांनी बातमी ऐकली, पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "ठीक आहे. पुस्तक नीट निघालं, चार माणसांनी चांगलं म्हटलं, तर तू तुझ्या वाटेने जा. नाही तर प्रकाशनानंतरच्या सोमवारी माझ्याबरोबर वागळे इस्टेट. डबा दोघांचा करायला आईला सांगून ठेव."

त्यानंतरचे महिने मी ज्या धुंदीत काढले तशी धुंदी पुढे लग्नातही आली नाही (बायकोने हे वाचू नये म्हणून हे प्रकरण मी तिच्या भजनाच्या वेळात लिहितोय). एसटी, टेम्पो, होडी, मिळेल त्याने मी जिल्हा तुडवला. वसईला केळीच्या बागांतून हिंडलो, तिथल्या एका ख्रिस्ती आजीने मला अस्सल मराठी ओव्या म्हणून दाखवल्या आणि वर वाटीभर इंदियाल, त्यांचं आंबट-तिखट मांसाचं कालवण, वाढलं. कल्याणच्या खाडीजवळ कोकणी मुसलमान कुटुंबात वाफवलेली गोड सांदणं खाल्ली, इतकी की यजमानांच्या आईने माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "घरी जेवायला देतात ना रे?" डहाणूकडे पांढऱ्या रेघांनी भरलेल्या कुडाच्या भिंतींसमोर मी तोंड उघडं टाकून बसलो. केवढा जिल्हा! आणि मी डोंबिवलीत नाक धरून त्यात इतकी वर्षं राहत होतो! रात्री घरी येऊन मी लिहायला बसायचो आणि मग मात्र माझ्यातला पुणेरी जागा व्हायचा. प्रत्येक गावाच्या शेवटी मी एक वाक्य ठेवून द्यायचो: "हे लोक भोळे, कष्टाळू व आतिथ्यशील आहेत." माझ्या किनाऱ्यावर डहाणूपासून दिव्यापर्यंत एकही आळशी किंवा लबाड माणूस नव्हता. असा जिल्हा पुन्हा होणे नाही.

शेवटचं गाव राहिलं होतं ते करंजबंदर. घोडबंदर रोडवरून आत, खाडीला चिकटून, आगऱ्यांची आणि कोळ्यांची घरं. तेव्हा त्या रोडवर मोठ्या इमारतींचे नुसते पाये पडत होते. गावचे वडीलधारे धर्मा नाखवा ओटीवर जाळं विणत बसलेले. मी वही काढली आणि मुलाखतकाराचा चेहरा केला.

"नाखवा, तुमच्या गावात बघण्यासारखं काय?"

"बघन्यासारखा?" त्यांनी सुई जाळ्यात खोचली. "आमची खारी. दुसरा काय?"

मी चमकलो. खारी म्हणजे आमच्या स्टेशनबाहेरच्या बेकरीतली, चहात बुडवायची, पदर सुटणारी! इथे, खाडीकाठी?

"प्रसिद्ध आहे?"

"परसिद्ध? आरं, लांबलांबशी लोकां बघाला येतान. सकालचे पारी ऊन परला का नुसती सोन्यावानी चकाकते."

सोनेरी खारी. मी लिहिलं.

"जुनी आहे?"

"आज्याच्या आज्यापासून. तिनंच पोसलाय आमाला."

पिढीजात व्यवसाय. लिहिलं.

"करता कशी... म्हणजे, होते कशी?"

नाखवा माझ्याकडे जरा निरखून बघायला लागले. "व्हाया काय? भरतीला फुगते, पार काठाव येते. सुकतीला बसते."

'भरती' म्हणजे भट्टी, असा मी समज करून घेतला. भट्टीत घातली की फुगते, काठापर्यंत येते. सुकली की बसते. यात न कळण्यासारखं काय होतं? मी शास्त्राचा विद्यार्थी होतो, नापास असलो तरी.

"चवीला?"

आता मात्र नाखवांची भुवई वर गेली. "चवीला? खारट! दुसरी कशी आसंल?"

"बरोबर, बरोबर," मी म्हणालो. "कुठे बघायला मिळेल?"

"ती काय, घरामागं." त्यांनी न बघताच अंगठा मागे दाखवला. मी मान लांब केली. घरामागे मातीचं मोठं चुलवण होतं, त्यावर पातेलं, आणि धूर. भट्टी! माझी खात्री पटली. चुलवणाच्या मागे क्षितिजापर्यंत पसरलेलं पाणी मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, मी वहीत त्याची नोंदही केली, 'निसर्गरम्य पार्श्वभूमी' म्हणून. नाखवांची बायको चांगुणाबाय हिने मला तांदळाची भाकरी आणि तळलेला बोईट मासा वाढला. मी खारीची वाट बघत दोनदा स्वयंपाकघराकडे बघितलं. ती म्हणाली, "आनखी पायजे का रं तुला?" मी संकोचाने नको म्हणालो आणि एसटी गाठली.

पुस्तक छापून आलं. हिरवं कव्हर, वर होडीचं चित्र, आणि आत, लहान टाइपात का होईना, माझं नाव! मी ते पान इतक्या वेळा उघडलं की पुस्तक आपोआप तिथेच उघडायला लागलं. सबनीसकाकांनी काही प्रती स्टेशनवरच्या स्टॉलवर ठेवल्या, आणि काही किनाऱ्यावरच्या गावांना भेट धाडल्या. प्रकाशन कुठे? तर करंजबंदरच्या गावदेवीच्या जत्रेत, रविवारी, पालखी यायच्या आधी, स्टेजवर. नाखवांनीच तसं आमंत्रण धाडलेलं. 'आमच्या गावाचं नाव पुस्तकात आलंय' या आनंदात, पुस्तक न वाचता.

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी पुस्तक मागितलं. ते ताठ बसून, चष्मा पुसून, पहिल्या पानापासून वाचायला लागले. आई कणीक मळत होती, मी तिच्याआड लपून बघत होतो. बाबा वाचता वाचता मान डोलवत होते. डहाणूला "छान" म्हणाले. वसईला "अनुस्वार बरोबर" म्हणाले. मग करंजबंदर आलं. त्यांच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. मग दुसरा. मग त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आणि ते हसायला लागले. आम्ही बाबांना हसताना पाहिलेलं, पण ते हसू इस्त्रीचं असायचं. हे तसं नव्हतं. हे पोटातून, खुर्चीसकट हलत येणारं, डोळ्यांतून पाणी काढणारं हसू होतं. आईने पिठाच्या हातांनी त्यांना पाणी दिलं.

"काय झालं हो?"

बाबांनी मोठ्याने वाचलं, "'येथील खारी सुप्रसिद्ध असून ती पहाटे भट्टीला घातली असता काठापर्यंत फुगते. पर्यटकांनी ती चहाबरोबर अवश्य...'" पुढचं त्यांना वाचता येईना. "अरे गाढवा! खारी म्हणजे खाडी! आपल्याकडे 'ड-ढ'चा 'र' होतो. घोड्याचा घोरा, गाडीची गारी, पुढचा तो फुरचा, आणि खाडीची खारी! सगळी खाडी चहात बुडवायला लावलीस की रे लोकांना!"

मी खाली बसलो, ते कणकेच्या परातीशेजारी. डोळ्यांसमोर रविवार उभा राहिला: स्टेज, पालखी, सगळं गाव, आणि माइकवर कोणीतरी ते पान वाचतंय. आणि मग सोमवार, दोघांचा डबा.

आणि तेवढ्यात बाबांचं हसू ओसरलं. त्यांची नजर पानाच्या शेवटी अडकलेली. "'हे लोक भोळे, कष्टाळू व आतिथ्यशील आहेत.'" त्यांनी चष्मा काढला. "हे लोक म्हणजे कोण?"

"आगरी, बाबा. आणि कोळी."

"आणि आपण?"

खरं सांगतो, तोवर मला तो प्रश्न पडलाच नव्हता. मी सगळा जिल्हा हिंडून आलेलो, एका आगरी माणसाशी आगऱ्यांबद्दल बोलून आलेलो, आणि लिहिताना 'हे लोक' लिहून मोकळा झालेलो, जणू मी बोटीतून उतरलेला गोरा साहेब! बाबांनी चष्मा मिटून पुस्तकावर ठेवला. मग म्हणाले, "ठाण्याच्या शाळेत पहिल्या दिवशी मी 'गारी आली' म्हणालो. वर्ग हसला. मास्तरही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी तोंड उघडायच्या आधी ओठांतल्या ओठांत शब्द दोनदा म्हणून बघायला लागलो. मोठा झालो, सवय गेली नाही. तुम्हाला ते करायला लागू नये म्हणून..." त्यांनी वाक्य अर्धंच ठेवलं. मी त्यांना वाक्य अर्धं ठेवताना पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं, रविवारी तापाचं सोंग आणावं. बाबा म्हणाले, "जायचं. मीही येतो."

जत्रेला पोचलो तर गावाच्या तोंडाशीच तीन स्कूटर आणि एक फियाट उभी. एक कुटुंब चांगुणाबायच्या ओटीवर चढून विचारत होतं, "मावशी, ती खारी कुठे मिळते? पुस्तकात वाचलं." बाई सकाळपासून तेच ऐकत असावी. तिने मला ओळखलं आणि तडक आत गेली. बाहेर आली ती काचेचा ग्लास घेऊन, त्यात गढूळ पाणी. एका हातात चहाची बशी.

"घे रं," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. "तुजी खारी. च्यात बुरव आनि खा."

ओटीवरची पोरं लोळून हसायला लागली. एक म्हणाला, "काकी, जिरा खारी हाय का त्याला विचार!" ढोलवाला ढोल टाकून आला. मी ग्लास हातात घेतला, करणार काय! पण नाखवा हसत नव्हते. ते खांबाला टेकून, हातात पुस्तक घेऊन उभे होते, आणि त्यांचं बोट पानाच्या खालच्या ओळीवर होतं.

"खारीचा सोर," ते म्हणाले. "हसायला बरा हाय. पन ह्या काय लिवलंस? 'हे लोक भोले.' भोला कोन रं? कोनी सांगला तुला? देवीच्या म्होरं हा पुस्तक मी कसा ठेवू? स्टेजव नाय यायचा हा."

सबनीसकाका पुढे झाले. "नाखवा, मुलगा लहान आहे, पुढच्या आवृत्तीत आपण..."

"फुकटची आवरुत्ती नको मना," नाखवा म्हणाले आणि पुस्तक त्यांनी ओटीवर पालथं टाकलं.

माझं सगळं संपलं असं मला वाटलं. मी बाबांकडे बघितलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, ओठ किंचित हलत होते. मला कळलं की ते आतल्या आत वाक्य म्हणून बघतायत. मग त्यांनी चपला काढल्या, ओटीवर चढले आणि म्हणाले,

"नाखवा, पोराव रागाव नको. त्याला खारी ठावी नाय, कारन घरान मी ती बोली कदी येवच दिली नाय. चूक माजी हाय."

मी तर ग्लासातलं पाणी सांडलं. माझ्या बाबांच्या तोंडून, जिथे आजवर एकही 'ण' डगमगला नव्हता, तिथून असा सपाट, ओला, खाडीचा वारा लागलेला आवाज! तो पहिल्या शब्दाला जरा अडखळला, दुसऱ्याला मोकळा झाला, आणि तिसऱ्यापासून तर जणू घरी जाऊन आला.

नाखवा खांब सोडून सरळ झाले. "कंचा गाव तुमचा?"

"उरनकरचा. बापूस आगरावर मीठ काहारायचा. मी साताठ वरसांचा असतानी गाव सोरला."

"आनि आज बोलताव?"

"आज बोलतंय."

चांगुणाबाय कंबरेवर हात ठेवून दोघांकडे बघत होती. ती एकदम मोठ्याने हसली आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. "म्हंजे हा आमचाच येरा हाय होय! मना वाटला कोनी बामनाचा पोर आला मुलाखत घ्याला. आरं, मंग त्या दिशी बोईट पोटभर का नाय खाल्लास? लाजत बसला होता!"

मग जे झालं ते मी कुठल्याच गाइडमध्ये लिहू शकलो नसतो. बाबांना कोणी हाताला घट्ट धरून घराघरांतून नेलं. एका आजीला बाबांच्या आत्याचं नाव माहीत निघालं. तिने ते नाव घेतलं आणि बाबा तिच्या पायाशीच बसले. पालखी आली, ढोल-ताशे कान फोडायला लागले, आणि स्टेजवर नाखवांनी माइक बाबांच्या हातात दिला: "तूच सांग तुज्या पोराच्या पुस्तकाचा." बाबांनी पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. करंजबंदरचं सगळं पान, सगळ्या गावासमोर, माझी सगळी भट्टी, सगळी सोनेरी खारी! गाव इतकं हसलं की पालखीचे भोई खांदा बदलायला विसरले. शेवटच्या ओळीला बाबा थांबले. पुस्तकातलं वाक्य त्यांनी वाचलं नाही. म्हणाले, "आनि शेवटाला लिवलाय, आमी भोले नाय, पन आतित्यशील हाव. आज जेवल्याशिवाय कोनी जाव नका." स्कूटरवाल्या कुटुंबांनीही टाळ्या वाजवल्या, आणि खरोखरच सगळे जेवून गेले.

आज मी घोडबंदर रोडने जातो तेव्हा करंजबंदर शोधायला लागतं. ते आहे, टॉवरांच्या मागे, आपल्या जागेवर घट्ट. टॉवरांच्या पाट्यांवर खाडीला 'क्रीक' म्हणतात. माझ्या नातवाने परवा विचारलं, "आजोबा, क्रीकला मराठीत काय म्हणतात?" मी त्याला दोन शब्द सांगितले आणि दुसरा आधी पाठ करायला लावला. सबनीसकाकांनी त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली, आणि तिच्यात 'हे लोक' कुठेच नाहीत. पण तो पुढचा भाग.

जत्रेनंतरचा तो सोमवार मात्र आला. मी आदल्या रात्रीच शर्ट धुऊन ठेवलेला. नाखवांनी मान दिला तो बाबांना, माझ्या पुस्तकाला नव्हे. करार करार असतो. सकाळी आईने दोन डबे भरले. बाबा दारात चपला घालत होते, मी त्यांच्या मागे, पायात बूट. त्यांनी वळून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. आईच्या हातातला माझा डबा घेतला, उघडून आत बघितलं, परत बंद केला आणि माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता म्हणतील चल.

पण ते मी सवयीने खांद्याला अडकवलेली वह्यांची पिशवी ओढून नीट बसवत म्हणाले,

"फुरचा गाव कंचा?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काय म्हणायचंय हे मला न विचारता कळलं. मी स्टेशनकडे नाही, एसटी स्टँडकडे पळत सुटलो.